बावीस स्क्रू आणि मलेरिया साहेबांचं मनगट

ते पत्र आमच्या ड्रॉइंग हॉलमध्ये आलं तेव्हा ती तक्रार आहे, विनंती आहे, की कोणाच्या घरगुती भानगडीचा कागद चुकून आमच्या टपालात शिरला आहे, हे कोणालाच कळेना. वर दवाखान्याचा शिक्का होता, जावक क्रमांक होता, खाली सही होती. मधला मजकूर तीनच वाक्यांचा. ‘येथील मलेरिया निरीक्षक यांची बदली झाली असून नवीन निरीक्षक अंगाने जाड आहेत. सबब एक्स-रे मशीन बंद आहे. तरी योग्य ती कार्यवाही त्वरित व्हावी, ही विनंती.’

आमच्या साहेबांनी ते तीनदा वाचलं. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

“भंडारा जिल्हा. तुझाच ना? तिकडे असं बोलतात का?”

“बोलतात वेगळं, सर,” मी म्हणालो, “पण एवढं वेगळं नाही.”

आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल तेव्हा. मी पुण्यातल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो आणि कारखाना एक्स-रे मशीनं बनवायचा. मी दिघोरीकडचा, धान पिकवणाऱ्या घरातला. नागपूरला डिप्लोमा केला आणि पुण्यात येऊन पहिली तीन वर्षं ‘मले’चं ‘मला’ करण्यात घालवली. पत्रात ज्या मशीनचा उल्लेख होता त्याचं कंट्रोल पॅनल, म्हणजे कमरेएवढ्या उंचीचं लोखंडी कपाट, हे माझं पहिलं मोठं काम होतं. पुढे काटे, बटणं आणि टायमर. आत ट्रान्सफॉर्मर, रिले, वायरींचं जंजाळ. फ्यूज मागच्या बाजूला, आणि मागची बाजू झाकणारा एक पत्रा, बावीस स्क्रूंनी बसवलेला.

तो पत्रा मी काढला होता. म्हणजे कागदावर. प्रत्यक्षात तो कोणी कसा काढेल, हा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता. मी आधी आठच स्क्रू दाखवले होते. साहेब म्हणाले, पत्रा थरथरेल. बारा केले. साहेब म्हणाले, आवाज येईल. बावीसला ते थांबले आणि मलाही ट्रेसिंग पेपरवरची ती सारख्या अंतरावरची बावीस वर्तुळं बघून समाधान वाटलं. आमच्या कागदावर मशीनच्या चारी बाजूंना पांढरी मोकळी जागा असायची. त्या जागेत कुठे भिंत असेल असं आम्हाला कधी वाटलं नाही, कारण भिंत काढा असं आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

नागपूरच्या आमच्या सर्व्हिस इंजिनिअरला विचारलं तर तो फोनवर एवढंच म्हणाला, “तिथलं मशीन मलेरियाकडे आहे,” आणि लाइन तुटली. शेवटी साहेबांनी ठरवलं, भाषा कळणारा माणूस पाठवा. मी निघालो.

गावाचं नाव मुद्दाम घेत नाही. तुमसर रोडला गाडीतून उतरून एसटीनं तासाभराचा रस्ता, एवढं पुरे. दवाखाना म्हणजे एका ओळीत सात-आठ खोल्या, पुढे लांब व्हरांडा. एक्स-रेच्या खोलीच्या दाराला पाटी होती: ‘मलेरिया साहेब दौऱ्यावर असल्यास एक्स-रे बंद राहील.’ पाटी रंगवलेली होती, खडूनं लिहिलेली नव्हती. म्हणजे व्यवस्था जुनी होती.

एक्स-रे टेक्निशियन पन्नाशीला टेकलेले, रुंद हाडाचे, हळू बोलणारे गृहस्थ होते. मी कुठून आलो ते सांगितलं. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, आणि मी काही विचारण्याआधी म्हणाले, “अजी साहेब, पहिले खोली पाहून घ्या. मंग बोलू.”

खोली पूर्वी धान्याचं गोदाम होती. टेबल, किरणं सोडणाऱ्या ट्यूबचा उभा खांब आणि कंट्रोल पॅनल एवढं ठेवलं की माणसाला वळायला जेमतेम जागा उरे. पॅनलची पाठ भिंतीला होती. मध्ये अंतर चार बोटांचं. आणि भिंतीत, बरोबर पॅनलच्या पाठीमागे, एक खिडकी. खिडकीला लोखंडी गज. गजांपलीकडे दुसरी खोली, तिच्यात एक टेबल, आणि टेबलामागे एक गोल चेहऱ्याचा, चांगलाच भरलेला माणूस काचेच्या पट्ट्यांवर नंबर टाकत बसलेला. रक्त तपासणीच्या पट्ट्या. त्यानं मला पाहून अपराध्यासारखा नमस्कार केला.

मग टेक्निशियननी सगळं सांगितलं.

त्या भागात धानाच्या गिरण्या बऱ्याच. हंगामात दुपारच्या सुट्टीचा भोंगा झाला की सगळ्या गिरण्या एकदम थांबायच्या, विजेचा दाब उसळायचा, आणि मशीनचा फ्यूज जायचा. फ्यूज बदलणं दोन मिनिटांचं काम. पण फ्यूज मागे. मागे जायला पॅनल हलवलं पाहिजे, आणि पॅनल फक्त कंपनीच्या इंजिनिअरनंच हलवायचं असा नियम मशीनबरोबर दिलेल्या आमच्या पुस्तकात छापलेला. इंजिनिअर नागपूरहून दोन महिन्यांनी एकदा येणार.

“तवपर्यंत मोडलेलं हाड आपल्या मनानं जुडून जाते,” टेक्निशियन म्हणाले. “वाकडं जुडते, पन जुडते. मंग मानूस येते अन् म्हनते, आता काढा फोटो. आता काढून काय कराचं?”

असे दोन हंगाम गेल्यावर त्यांनी आमचं पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं.

“मशीन हलवाची नाही असं तुमच्या पुस्तकात लिवलं हाये,” ते म्हणाले. “पन भिंत हलवाची नाही असं कोनत्याच पुस्तकात नाही.”

म्हणून त्यांनी बांधकाम खात्याकडे अर्ज केला, भिंतीला भोक पाडून मिळावे. खात्यानं कळवलं, भोक या नावाखाली काही मंजूर करता येत नाही, खिडकी करता येते. त्यांनी खिडकीचा अर्ज केला. खिडकी मंजूर झाली. पण खोलीत किमती यंत्र आहे असं अर्जातच लिहिलेलं असल्यामुळे, खात्याच्या नमुन्याप्रमाणे ती खजिन्याच्या खोलीला लावतात तशी खिडकी झाली. गज अंगठ्याएवढे जाड, आणि दोन गजांत अंतर तीन बोटं.

टेक्निशियननी आपलं मनगट माझ्यासमोर धरलं. त्यांचं मनगट त्या खिडकीतून जाणं शक्यच नव्हतं.

“पन देव पाह्यला नाही मी, मलेरिया साहेब पाह्यला,” ते म्हणाले.

तेव्हाचे मलेरिया निरीक्षक काडीसारखे होते. त्यांचा हात कोपरापर्यंत आरामात आत जायचा. त्यांनी तीन दिवस बसून, एकेक करून, माझे बावीस स्क्रू काढले. एकोणीस हातात आले, तीन आत पडले. पत्रा परत बसवायचा प्रश्नच नव्हता, तो आडवा-तिरपा करून कसाबसा वरून ओढून काढला. मागच्या उघड्या बाजूतून पाली शिरू नयेत म्हणून निरीक्षकांनी आपल्या खात्यातली मच्छरदाणीची जाळी दिली. ती स्क्रूंच्या भोकांत खोवलेल्या चार खिळ्यांना अडकवली. त्या दिवसापासून फ्यूज गेला की टेक्निशियन मेन स्विच बंद करून त्याची किल्ली खिशात ठेवायचे, भिंतीवर दोनदा टकटक करायचे, आणि पलीकडून मलेरिया साहेब पट्ट्या बाजूला सारून हात आत घालायचे. पाच वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग साहेबांची बदली झाली.

मी विचारलं, भिंतीला एवढी खिडकी पाडली तर किरणं पलीकडे जात नाहीत का?

“मले बी थेच चिंता होती,” ते म्हणाले. “ट्यूबचं तोंड तिकडं कधीच करत नाही मी. तरी आठ दिवस साहेबाच्या खुर्चीच्या पाठीमांगं काळ्या कागदात फिल्म बांधून ठेवली. मंग धुतली. कोरी निंगाली. थ्या फिल्मवर तारीख टाकून ठेवली हाये, दाखवू का?”

आमच्या कारखान्यात एवढं कोणी करत नसे.

आम्ही पलीकडच्या खोलीत गेलो. नवीन निरीक्षक खुर्चीतून उठले. भिंतीवर त्यांच्या हद्दीतल्या गावांचा नकाशा होता आणि तो ज्या पत्र्यावर चिकटवला होता तो पत्रा मी ओळखला. कडेला बावीस भोकं होती. पत्रा उलटा टांगला होता, त्यामुळे आतली बाजू बाहेर आली होती, आणि नकाशाच्या वर लाल अक्षरांत आमची सूचना दिसत होती: हे झाकण उघडण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा. ती सूचना आम्ही झाकणाच्या आतल्या बाजूला लावली होती. म्हणजे झाकण उघडल्याशिवाय ती वाचता येणार नव्हती. सात वर्षं एकाही माणसाच्या हे लक्षात आलं नव्हतं. आता रक्त तपासायला आलेले लोक ती वाचत बसायचे.

“साहेब, माझा काही दोष नाही जी,” नवीन निरीक्षक एकदम म्हणाले. “मले बदलीच्या ऑर्डरमध्ये हे काही लिहून दिलं नव्हतं. इथं आल्यावर लोक म्हनून राहिले, हा जाडा आला अन् एक्स-रे बंद पडला. मी रात्रीचा भात सोडला. दीड महिना झाला. पोट कमी झालं, पन मनगट थेवढंच राह्यलं.”

भंडाऱ्याचा माणूस सरकारी मशीनसाठी भात सोडतो, हे ऐकून मला खरोखर कसंतरी झालं. मी म्हणालो, “बघू, माझा हात जातो का.” मी तेव्हा बारीक होतो. बाह्या वर केल्या. टेक्निशियन आपल्या खोलीत जाऊन मेन स्विच बंद करून, किल्ली खिशात टाकून आले. मी गजांमधून हात घातला.

मनगट गेलं. पुढे थोडं अडलं, जोर केला, कोपरही गेलं. बोटांना फ्यूज लागला. जुना काढला, नवा बसवला. मला फार आनंद झाला. मी डिझाइन केलेल्या वस्तूला मी पहिल्यांदाच उपयोगी पडलो होतो. मग हात मागे घेतला, तर कोपर येईना.

दोघांनी मला पाठीमागून धरून ओढलं. दुखायला लागलं. थांबलो. निरीक्षकांनी जवसाचं तेल मागवून माझ्या हाताला चोळलं. कोपर तेलकट झालं आणि तिथेच राहिलं, उलट सुजायला लागलं. टेक्निशियन म्हणाले, घाई करू नका, पुढच्या गावच्या गिरणीत फिटर आहे, त्याच्याजवळ लोखंड कापायची आरी असते. शिपाई सायकलवर गेला.

तोवर व्हरांड्यात बातमी पसरली होती. रक्त द्यायला आलेले, पट्टी बांधायला आलेले, कोणाला तरी भेटायला आलेले, सगळे मलेरियाच्या दारात जमा झाले. मी खिडकीला गाल लावून उभा. एका म्हातारीनं पुढे येऊन मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“हा कोन बाप्पा?”

“कंपनीचे साहेब हायेत, आई,” निरीक्षक म्हणाले. “हे मशीन ह्यायनंच बनवलं.”

“ह्यानंच बनवलं?” म्हातारी म्हणाली. “मंग ह्यालेच काहून नाही निंगत?”

मी पुन्हा कोपर ओढून पाहिलं. आलं नाही.

टेक्निशियन मात्र आपल्या खोलीत जाऊन एक स्टूल आणि खाकी पुठ्ठ्याची जाड वही घेऊन आले. माझ्याजवळ बसले. चष्मा लावला.

“आता तुमी कुठी जाऊन नाही राहिले,” ते अगदी आदरानं म्हणाले, “तं थोडं वाचून दाखवू का जी?”

मी म्हणालो, वाचा.

त्यांच्या वडिलांनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती आणि परत आल्यावर नोकरी शोधायला निघालेल्या मुलाला सांगितलं होतं, जे घडलं ते लिहून ठेवत जा, नाही तर पुढे लोक म्हणतील घडलंच नाही. मुलगा त्या घरातला पगारावरचा पहिला माणूस झाला, आणि मशीन आलं त्या दिवसापासून त्यानं लिहून ठेवलं होतं. बंद पडलं कधी, कशानं, किती दिवस, त्या दिवसांत कोण परत गेलं. नावं नव्हती. ‘बैलानं मारलेला, कारध्याचा.’ ‘बाई, विहिरीवर घसरली, पाच महिने गरोदर, परत पाठवली.’ ‘पोरगी, गिळलेलं नाणं, नदीपार भंडाऱ्याला पाठवली.’ प्रत्येक नोंदीखाली एक ओळ लाल पेननं. ‘फ्यूज पुढे असता तर दोन मिनिटं.’ ‘स्क्रू चार प्रकारचे आहेत, पेचकस एकच आहे.’ ‘पडलेला स्क्रू सापडत नाही. स्क्रू झाकणालाच लटकून राहील असं का करत नाहीत?’ ‘सगळ्या वायरी काळ्या. घरात सगळ्या सुनांचं एकच नाव ठेवतात का?’

मी हसलो. हसलो की कोपर दुखायचं.

“हे कंपनीला कळवलं नाही का कधी?” मी विचारलं.

“दरसाल कळवलं जी. उत्तर येते. ‘आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.’ मले वाटलं, तिकडं बी कोनी माझ्यासारखा वही घेऊन बसला असन.”

तिकडे तसं कोणी नव्हतं. सूचनांची पत्रं कुठे जातात ते मला माहीत होतं. साहेबांच्या खोलीतल्या कपाटाचा एक पाय आखूड होता. पण ते मी त्यांना सांगितलं नाही.

फिटर आला तोवर वहीची चाळीसेक पानं झाली होती. त्यानं एक गज वरून आणि खालून कापला, आणि मी सुटलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या हातावर तेल, गंज आणि दोन निळे पट्टे. आणि तेव्हाच आमच्या लक्षात आलं, की एक गज गेल्यामुळे खिडकी सात बोटं उघडली आहे. नवीन निरीक्षकांनी हळूच हात घातला. गेला. बाहेर काढला. आला. पुन्हा घातला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या संध्याकाळी ते पोटभर भात जेवले, असं दुसऱ्या दिवशी कळलं.

मी पुण्याला पोचण्याआधीच दवाखान्याचं पत्र पोचलं होतं. ‘आपल्या कंपनीच्या प्रतिनिधीने खिडकीत अडकून बहुमोल सहकार्य केल्यामुळे गज कापणे शक्य झाले. सध्या मशीन चालू आहे.’ साहेबांनी ते माझ्या सेवापुस्तकाला लावलं. आजही असेल. बांधकाम खात्यानं तिकडे टेक्निशियनकडून खुलासा मागवला होता, सरकारी गज विनापरवानगी का कापला. त्यांनी एका ओळीत खुलासा दिला, ‘गजात मनुष्य होता.’ खात्याचं समाधान झालं.

मी अहवाल लिहिला. फ्यूज पुढे आणा, झाकण पुढे आणा, स्क्रू चारच ठेवा आणि ते झाकणालाच अडकलेले राहू द्या, सूचना बाहेर लावा. त्यावर बैठक बसली. दोन तास चालली. पत्र्याच्या साच्यांपासून सगळं बदलावं लागेल, म्हणून कोणी तयार होईना. शेवटी एक वरिष्ठ म्हणाले, पण त्या दवाखान्यातला प्रश्न तर सुटलाय ना? कशानं सुटला? खिडकीनं. मग झालं तर. ठराव झाला की यापुढे मशीन बसवण्याच्या पुस्तकात, पॅनलमागच्या भिंतीत एक खिडकी ठेवावी, असं एक पान घालायचं. आणि खिडकीचा प्रत्यक्ष अनुभव असलेला माणूस मी एकटाच, म्हणून तिचं ड्रॉइंग मला दिलं.

मी काढली. बिनगजाची. मशीन डिझाइन करणाऱ्या कारखान्यात बसून मी दोन आठवडे भिंतीतली खिडकी काढत होतो, आणि ती चांगली काढावी म्हणून मनापासून झटत होतो. यावरून माणूस कुठल्याही कामाला कसा लागतो ते कळतं.

पुढची काही वर्षं ठिकठिकाणच्या दवाखान्यांतून पत्रं येत राहिली. एकानं विचारलं, खिडकीपलीकडे कोणत्या खात्याचा कर्मचारी बसवावा? एकाची पॅनलमागची भिंत बाहेरची होती, तिथे खिडकीतून बकरीनं मान घालून पॅनलला लावलेली जाळी खाल्ली. एका खाजगी दवाखान्याच्या भिंतीपलीकडे शेजाऱ्याचं स्वयंपाकघर होतं. शेजारी तयार होता, पण त्याच्या बायकोनं कळवलं, फ्यूज गेला की आधी सांगून येत जा, कोणी आलं की चहा ठेवावा लागतो. ही सगळी पत्रं माझ्या टेबलावर यायची, कारण मी ‘खिडकीवाला’ होतो. मीही लिहायला लागलो होतो, ‘आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.’ फरक एवढाच की मी एक वही आणली होती आणि खरंच नोंद घेत होतो.

ऐंशीनंतर कारखान्यानं नवं मशीन काढायचं ठरवलं. साचे नवे बनणारच होते. मी साहेबांना म्हणालो, लाकडाचा नमुना झाला की एका माणसाला बोलवू या. कोणत्या हुद्द्याचा, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, त्याची वही बघा. साहेब हो म्हणाले. का म्हणाले ते माहीत नाही. बहुतेक ‘गजात मनुष्य होता’ त्यांच्या कानावर गेलं होतं.

टेक्निशियन स्वतःची रजा टाकून आले. माझ्यासाठी लाखोळीची डाळ आणली होती. ड्रॉइंग हॉलच्या मध्यभागी सुताराकडून बनवून घेतलेलं पॅनल उभं होतं, चकचकीत रंगवलेलं. मी पुष्कळ भांडलो होतो तरी झाकण अजून मागेच होतं, स्क्रू मात्र आठ झाले होते. भोवती आम्ही वीसेक जण. त्यांनी पॅनलभोवती एक फेरी मारली.

“भिंत कुठी हाये?” त्यांनी विचारलं.

त्यांनी एकट्यानं ते पॅनल ढकलत नेलं आणि साहेबांच्या केबिनच्या भिंतीला पाठ लावून, चार बोटं अंतर ठेवून उभं केलं. मग खिशातून रुमाल काढून साहेबांसमोर धरला.

“सर, डोळ्याले बांधून घ्या. लाइन गेली असं समजा. अन् फ्यूज बदलून द्या.”

त्यांच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. डॉक्टर जसं म्हणतो, जीभ दाखवा, तसं ते होतं. साहेबांनी रुमाल बांधला. भिंत आणि पॅनलमध्ये खांदा घुसवला. पेचकस हातात दिला होता. पहिला स्क्रू निघाला, बोटांतून सुटला आणि टण्णकन आवाज करून कुठेतरी गेला. साहेब गुडघ्यांवर बसून चाचपायला लागले. आम्ही सगळे ताठ उभे होतो, राष्ट्रगीताला राहतात तसे. पाच मिनिटं गेली असतील.

“सर,” टेक्निशियन हळूच म्हणाले, “भायेर पेशंट हाये. म्हातारी हाये. पाय मोडला हाये तिचा. ती विचारून राहिली, किती वेळ?”

साहेबांचा आवाज खालून आला. “पाच मिनिटं सांगा.”

“मी बी असंच सांगतो जी. लय वर्षं झाले.”

साहेब थांबले. हात जमिनीवर, डोळ्यांवर रुमाल. मग रुमाल काढून उठले, पँटचे गुडघे झटकले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “झाकण पुढे घ्या.”

ते चार दिवस टेक्निशियन माझ्या टेबलाशेजारी बसून होते. जेवताना सोडून वही बंद झाली नाही. आम्ही झाकणाला चार मूठवाले स्क्रू दिले, पाव फेरा दिला की सुटणारे आणि झाकणालाच लटकून राहणारे. फ्यूज पुढे, कंबरेच्या उंचीला. वायरींना रंग. झाकणाच्या बाहेर सूचना, आत वायरींचा नकाशा. पायाला चाकं. पालींसाठी बारीक जाळी. साहेबांनी प्रत्येक ड्रॉइंगवर सही करताना एकच विचारायला सुरुवात केली, “अंधारात जमेल का?” पुढे निवृत्त होईपर्यंत ते हेच विचारत राहिले, कॅन्टीनच्या ड्रॉइंगवरसुद्धा.

नवं मशीन त्या दवाखान्यात बसलं तेव्हा मी गेलो होतो. टेक्निशियनच्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष होतं. जाड मलेरिया साहेब तिथेच होते, आणखी जाड झाले होते. त्यांनी मशीन पुढून-मागून बघितलं. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, “म्हनजे आता मले कोनी टकटक नाही करनार?” मी म्हणालो, नाही. त्यांनी मान हलवली, आपल्या खोलीत गेले आणि पट्ट्यांवर नंबर टाकत बसले.

मी होतो त्याच दिवशी दुपारचा भोंगा झाला आणि फ्यूज गेला. टेबलावर एक म्हातारा होता, हात धरून बसलेला. कुठल्या बांधावरून कसा पडलो ते तो सांगत होता. टेक्निशियननी मेन स्विच बंद केला, चार मुठी फिरवल्या, झाकण उघडलं, फ्यूज बदलला, झाकण लावलं. म्हातारा गोष्टीत अजून बांधावर चढतच होता. त्यांनी त्याचा हात फिल्मच्या कॅसेटवर सरळ ठेवला, श्वास रोखायला सांगितलं, फोटो काढला आणि म्हणाले, “झालं बावा. फिल्म धुतो, तवर भायेर बसा.”

“झालं?” म्हातारा म्हणाला. त्याला ते पटेना. “पोरगा तं म्हने दोन दिवस लागतात. मी दोन दिवसाची शिदोरी आनली.”

हाड मोडलं नव्हतं, मनगट नुसतं मुरगळलं होतं. डॉक्टरांनी पट्टी बांधून त्याला जायला सांगितलं. पण घरी दोन दिवस सांगून आलो, लवकर गेलो तर पोरगा म्हणेल दवाखान्यात गेलाच नाही, असं म्हणून तो व्हरांड्यात पथारी टाकून बसला. माझी एसटी पाच वाजता होती. मीही त्याच्याशेजारी बसलो. त्यानं शिदोरी सोडली, अर्धी माझ्यापुढे सरकवली, आणि बांधावरून पडल्याची गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली.